कप्तानिणीचा व्रण

धाकटीने पात्याचं टोक पट्टीच्या कोपऱ्याखाली सरकवलं आणि श्वास रोखून हळूहळू वर उचललं. गोंद अजून पुरता वाळला नव्हता.

"अहो, पान फाटेल!" संपादक खुर्चीतून अर्धा उठला.

"फाटलं तर पुन्हा काढीन. तुम्हाला नाही काढावं लागत."

पट्टी निघाली. खाली चित्रातल्या कप्तानिणीचं उघडं पोट होतं आणि बेंबीच्या डावीकडून कमरेपर्यंत उतरलेला, जाड शाईचा व्रण. काल संध्याकाळी तिने पान दिलं तेव्हा तो दिसत होता. आज त्यावर कागदाचा पांढरा तुकडा चिकटवून कुणीतरी गुळगुळीत पोट रेखून ठेवलं होतं. घाईत बेंबीसुद्धा जागची हलली होती.

समुद्रावर लुटालूट करणाऱ्या बायकांची ही चित्रकथा दर महिन्याला निघे आणि आठवडाभरात हातोहात संपे. कप्तानीण, तिची तोफवाली आणि एका डोळ्याची सुकाणूवाली, अशा तिघी. या अंकात अकरा माणसं मेली होती, दोघांची मुंडकी धडावेगळी झाली होती. शिडं शिवणाऱ्या तरुणाबरोबर कप्तानिणीची रात्र तर चांगली दोन पानं चालली होती. त्यातल्या एकाही रेषेला संपादकाने हात लावला नव्हता. उलट त्या दोन पानांच्या कडेला लाल पेन्सिलीने 'वा!' लिहिलं होतं.

"मुंडकी चालतात तुम्हाला. हा चालत नाही?"

"मुंडकी गड्यांची आहेत. हे बघा, चित्रकार बाई, वाचकाला कप्तानीण हवी, तिचं ऑपरेशन नको. एवढं देखणं पोट काढायचं आणि वर स्वतःच नांगर फिरवायचा!"

"तलवार लागलीय तिला. चाच्यांच्या लढाईत काय बोटाला सुई टोचते?"

"मग दंडावर दाखवा. दंडावर शोभतो."

शोभतो. धाकटीची कानशिलं तापली. तिने पान उचललं, पुठ्ठ्यात घातलं आणि पुठ्ठ्याची नाडी इतकी आवळली की ती तुटली.

"उद्या दोनला पानं छापखान्यात जातात," संपादक मागून म्हणाला. "व्रण घेऊन आलात तर मी पट्टी लावीन. गोंद भरपूर आहे माझ्याकडे."

ती रस्ताभर स्वतःशीच भांडत घरी आली. थोरली बहीण नुकतीच कामावरून येऊन पाय पसरून बसली होती. एका मोठ्या धुलाईघरात ती दिवसभर चादरींना इस्त्री करी. तिचे दंड, तिचे खांदे, तिची मान वळवायची ढब, हे सगळं कप्तानिणीचं होतं. झाडूच्या दांड्याची तलवार करून ती खिडकीपाशी उभी राही आणि धाकटी भराभर रेघा ओढी. छापलेला अंक मात्र थोरली क्वचितच उघडून पाही. म्हणे, "मला माहितीय ना मी कशी दिसते."

"ताई, हे बघ. बघ काय करतोय तो माणूस!" धाकटीने पान तिच्यापुढे टाकलं आणि सगळं एका दमात सांगितलं. पट्टी, बेंबी, दंडावर शोभतो.

थोरलीचं ऐकण्याकडे लक्ष नव्हतं. ती त्या जाड रेषेकडे बघत होती.

"हा माझा आहे?"

धाकटी थांबली. हे ती अंक छापून आल्यावर सांगणार होती, भेट म्हणून. "हो. तुझाच."

बारा वर्षांपूर्वी थोरलीच्या नवऱ्याने, त्या शिंप्याने, कापड बेतायची कात्री तिला मारली होती. धाकटी तेव्हा शाळेत होती. दवाखान्यात तिने पाहिलं ते एवढंच, की ताईच्या कमरेला सगळीकडून पट्ट्या गुंडाळल्या आहेत. नंतर वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, माझी पोर त्याच्या अंगावर धावून गेली, वाघीण आहे. धाकटीने ते तेव्हापासून मनात जपून ठेवलं होतं. कप्तानीण त्यातूनच आली होती.

"कोण मारतं हिला?" थोरलीने विचारलं.

"जकातीचा नाईक. ती त्याच्या अंगावर जाते ना, तेव्हा. पुढच्या चौकटीत ती त्याचं मुंडकं उडवते."

"अस्सं."

थोरली उठली. तिने पाठ फिरवली आणि सदरा मागून वर केला. कमरेच्या वर, कण्याच्या डावीकडून, एक जुना, चकाकणारा, दोऱ्याच्या टाक्यांनी वेडावाकडा झालेला व्रण तिरका खाली नितंबापर्यंत गेला होता.



"मी धावून बिवून गेले नव्हते. पळत होते," थोरली भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "दाराची कडी वर होती. उंच. हात वर केला आणि त्याने मागून..." तिने सदरा खाली सोडला. "कडी निघाली म्हणून वाचले."

"मला कुणी सांगितलंच नाही गं."

"तू विचारलंस कधी? बाबांना लाज वाटायची पोरगी पळाली म्हणायची, म्हणून त्यांनी वाघीण केली. तुला कसली लाज वाटली? इतकी वर्षं मला समोर उभी करून काढतेस. एकदा म्हणाली नाहीस, ताई, दाखव."

"मला वाटलं, तुला त्रास होईल..."

"त्या संपादकाला शिव्या देतेस. त्याने माझा व्रण झाकला, तू तो उचलून पुढे आणून ठेवलास. मला विचारून केलंस का?" थोरलीचा आवाज चढला नव्हता, पण खिडकीपाशी पडलेला झाडू उचलून भिंतीशी ठेवताना दांडा फरशीवर खाडकन आपटला. "पळाले नसते तर तुझी ही तलवार धरायला कोण होतं इथे?"

मग ती आत गेली आणि भांडी वाजू लागली. धाकटीने पान पुठ्ठ्यात ठेवलं, पुन्हा बाहेर काढलं.

सकाळी ती कोऱ्या कागदासमोर बसली होती. थोरली डबा भरून, चपला घालून दाराशी आली. डबा तिने खाली ठेवला. सदरा मागून वर सारून खोचला, दाराकडे तोंड केलं आणि उजवा हात चौकटीवर ताणला, पार टाचा उचलून.

"चल, आटप. मला नऊला पोचायचंय."

धाकटीने पेन्सिल उचलली. पहिली रेघ पुसावी लागली.

"मान कुठे होती तुझी?"

"मागे वळलेली. बघत होते ना, किती जवळ आलाय." थोरलीने मान वळवली. "हात अजून वर काढ. ती कडी उंच होती."

दीड वाजून गेल्यावर धाकटी कचेरीत शिरली. संपादकाने पुठ्ठा उघडला आणि चष्मा नाकावर खाली ओढला. आता पानभर एकच चौकट होती. जहाजाच्या अंधाऱ्या पोटातून वर यायची शिडी, वर बंद झडप, झडपेच्या कडीला पोचू पाहणारा हात, आणि पाठमोरी कप्तानीण, उघड्या पाठीची, मान मागे वळवलेली. व्रण पाठीवरून तिरका खाली, पानाच्या मध्यापासून जवळजवळ तळापर्यंत उतरला होता.

"ही पळतेय?"

"हो."

"आमची कप्तानीण? पळतेय?"

"जीव वाचवायला पळतेय. तेव्हा ती कप्तान नव्हती."

"आणि नाईकाचं मुंडकं?"

"या अंकात त्याचं मुंडकं जागेवर आहे."

टेबलावर संपादकाने सकाळीच एक पांढरा तुकडा बेतून ठेवला होता, शेजारी गोंदाची बाटली. त्याने तुकडा उचलून व्रणावर ठेवला. थोडा वर सरकवला. मग खाली सरकवला. व्रण कुठून ना कुठून बाहेर उरतच होता. भिंतीवरच्या घड्याळात दोनला दहा कमी होते.