नागुबाईचा पत्र्याचा त्रिकोण

मी एक जुना, गंजलेला पत्र्याचा त्रिकोण आहे. मित्रांनो, गोधडीचे तुकडे कापडावर माझ्या कडेने आखून कापत असत. दिसायला मी अगदीच साधा, पण उदगीरच्या नागुबाईचा हात माझ्यावाचून चालत नसे.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. नागुबाईचा नवरा केरबा गवंडी होता. प्यायलाच पाणी नव्हतं, तर बांधकामाला कुठून असणार? दोघं दुष्काळी कामावर खडी फोडू लागली. सुट्टीच्या दिवशी नागुबाई शिंप्याकडच्या चिंध्या जोडत बसे, पण तिचे त्रिकोण कधी लहान, कधी मोठे होत. ते पाहून केरबाने तेलाच्या डब्याचा पत्रा घेतला. भिंतीचा कोन तपासायचा आपला गुण्या त्यावर ठेवला, मला कापलं आणि माझ्या कडा दगडावर घासून गुळगुळीत केल्या.

"घे. आता जवाभर बी फरक पडायचा न्हाई," तो म्हणाला.

आणि खरंच पडला नाही. नागुबाई मला कापडाच्या उभ्या धाग्याला लावून खडूने आखी आणि शिलाईपुरती जागा सोडून कापी. दोन त्रिकोण तिरक्या बाजूने जोडले की एक चौकोन होई. तिरकं कापड लगेच ताणलं जातं, म्हणून तिथे टाका घालताना ती श्वासही जपून घेई. असे चार चौकोन जोडले की सगळी टोकं मधोमध एका ठिपक्यात येत आणि कापडावर भिंगरी उमटे. त्या ठिपक्यावर बोट ठेवून नागुबाई हसे. त्या हसण्यासाठी मी दिवसभर खडू अंगावर घेई.

दुष्काळ हटेना, तेव्हा केरबा कामासाठी हैदराबादला गेला. तिथे बांधकामाच्या उंच परांचीवरून पडला आणि गेला. त्यानंतर नागुबाई फारशी बोलेना. घरात ती, तिची लेक पंचशीला आणि आमच्या कात्रीचा आवाज, एवढंच उरलं.

पंचशीलाही शिवायला शिकली. एकदा तिच्या हातून भिंगरीचं एक टोक शिवणीत दबलं.

"चालतंय की, माय. कोण बघतंय?"

"म्या बघते न्हवं?" असं म्हणून नागुबाईने सगळी शिवण उसवली.

शेजारची दानम्मा तर पाहुण्यांना मुद्दाम आमच्या गोधड्या दाखवायला आणी. ते माझे भरभराटीचे दिवस होते.

मग ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला. आमचं उदगीरही त्यात गेलं. नव्या कचेऱ्या उघडल्या आणि त्यातल्या एकीत पंचशीलाला कारकुनाची नोकरी लागली. तिला एसटीत बसवून नागुबाई घरी आली आणि त्याच दुपारी तिने लेकीसाठी गोधडी आखायला घेतली.

पंचशीला आधी दर रविवारी येई. पुढे महिन्याने येऊ लागली. पुढे सणासुदीलाच. नागुबाई मात्र रोज मला हातात घेई. हळूहळू मला एक गोष्ट जाणवू लागली. तिची बोटं आता माझी कड चाचपून शोधत. खडूची रेघ भलतीकडे जाई. सुईत दोरा ओवायला ती दानम्माकडे जाई आणि "आज आभाळ हाय बाई, दिसंना," असं सांगे. बाहेर लख्ख ऊन असे. मला सगळं कळत होतं, पण पत्र्याला कुठली वाचा?

बुद्धपौर्णिमेला पंचशीला आली. नागुबाईने हौसेने गोधडी तिच्यापुढे पसरली. एकही टोक दुसऱ्याला भेटलं नव्हतं. काही टोकांत बोटभर अंतर होतं.

"टोकं मिळालीत न्हवं?" नागुबाईने विचारलं.

पंचशीलाने एका टोकावर बोट ठेवलं. "हाव माय, मिळालीत," ती म्हणाली. मग तिने आईच्या डोळ्यांपुढे हळूच हात हलवला. नागुबाईची पापणीही लवली नाही.

"कवापासून असं हाय? कळवलं का न्हाईस?"

"तुझी कचेरीची नोकरी. रजा कोण देणार तुला?"

दुसऱ्याच दिवशी पंचशीला आईला डोळे दाखवायला लातूरला घेऊन गेली. तीच गोधडी तिने घडी करून उराशी धरली होती. मी कोनाड्यात राहिलो. दाराला कुलूप लागलं.

दोन महिन्यांनी दानम्मा कुलूप उघडून झाडायला आली. ती सोबतच्या बाईला सांगत होती, "एका डोळ्याला बरं दिसतंय तिला. आता लेकीकडंच राहणार म्हणे." ऐकून मला फार बरं वाटलं. तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली.

"अय्यो, हा कसला पत्रा?" असं म्हणत तिने मला वाजणाऱ्या खिडकीच्या फटीत ठोकून बसवलं. तिचं तरी काय चुकलं? तिने गोधड्या पाहिल्या होत्या, मला कधी पाहिलंच नव्हतं.

मित्रांनो, माझा गंज आता जायचा नाही. पण तुमच्या घरातलं एखादं माणूस रोजच्या कामात चुकू लागलं, तर त्याला बोल लावण्याआधी त्याच्याजवळ घटकाभर बसा. त्याच्या हातातली वस्तू कशासाठी आहे, तेही विचारून घ्या. माणूस दूर गेल्यावर ते सांगणारं कोणी उरत नाही.

वारा सुटला की मी खडखडतो. दानम्माला वाटतं, खिडकी वाजते.