आमदारांना उशीर का झाला

मोरेनिकेच्या आईच्या पेपरच्या टपरीवर पेपर विकत घेणारे कमी आणि फुकट वाचून भांडणारेच जास्त. सकाळी सगळे बाकावर जमायचे. त्यांत सर्वांत मोठा आवाज पंक्चरवाल्या लासिसीचा. पक्ष बदलणाऱ्यांची सालं काढावीत ती त्यानेच. आज मात्र तो गप्प होता.

आमदार ओलाबिंतान काल वाजतगाजत घंटा पक्ष सोडून मका पक्षात गेले होते.

"फुटबॉलवाला निदान हंगाम संपेपर्यंत तरी थांबतो," अलाबी काका म्हणाले. काका म्हणजे निवृत्त पंच. "हा मध्यंतरालाच जर्सी बदलून आला!"

"आणि आता आपल्याच गोलात मारणार," मोरेनिकेची आई म्हणाली. "आपल्या संघाला तरी दुसरं काय येतं म्हणा!"

"काल सभेच्या मैदानावर उशिरा पोचला म्हणे. भाव वाढवत बसला असेल," काका म्हणाले.

उशीर का झाला ते लासिसीला ठाऊक होतं. काल गावात पेट्रोल नव्हतं आणि त्याच्या बायकोला, अबेकेला, कळा सुटलेल्या. रस्त्यात ज्या गाडीपुढे तो आडवा उभा राहिला, ती नेमकी आमदारांची निघाली. फुलांनी सजवलेली ती गाडी त्यांनी दवाखान्याकडे वळवली आणि मूल रडेपर्यंत ते बाहेर थांबले. उपकाराचे आभार दुसऱ्या सकाळी पुन्हा घरी जाऊन मानायचे, ही इकडची रीत. पण आज त्या दारात पाऊल टाकलं, तर बाकावरची जागा गेलीच म्हणायची.

"भाव नाही वाढवला," शेवटी तो म्हणाला. "माझ्या बायकोपायी थांबला तो. मुलगी झाली."

आता 'ज्याची खावी पोळी' ऐकावं लागणार, म्हणून त्याने मान खाली घातली.

"अरे करंट्या, मग इथे काय बसलायस?" मोरेनिकेची आई कडाडली. "आभाराशिवाय ऊन डोक्यावर आणलंस! ऊठ!"

ती पेपरांवर दगड ठेवून निघाली. तिच्यामागून अख्खा बाक निघाला.

आमदारांच्या अंगणात मका पक्षाच्या नव्या टोप्या घातलेले लोक कामं मागत बसले होते. टपरीवालेही पक्षात यायला निघाले असं समजून त्यांनी टाळ्याच पिटल्या. कुणीतरी लासिसीपुढे टोपी धरली. ती बाजूला सारून त्याने आमदारांपुढे लोटांगण घातलं. पाठोपाठ अलाबी काकाही, दुखऱ्या गुडघ्यांसकट, आडवे झाले.

"कालच्यासाठी आभार, बाबा," लासिसी म्हणाला. त्याला रडू आवरेना. "जन्मभर विसरणार नाही. पण मत नाही द्यायचो."

"आम्ही कुणीच नाही देणार," काका जमिनीवरूनच म्हणाले. "पण पोर आमची आहे. देव तुमचं भलं करो."

टाळ्या थांबल्या. आमदारांनी वाकून दोघांना उठवलं. डोक्यावरची नवी टोपी काढून त्यांनी खुर्चीवर ठेवली.

"सकाळपासून एवढे लोक आले," ते हळूच म्हणाले, "काहीही न मागणारे तुम्हीच पहिले. बस रे लासिसी. पोर कुणासारखी दिसते, ते सांग आधी."