लीव्ह, लिव्ह आणि गावपळण

रोज सकाळचा चहा झाला की मी एक जोडी पाठवते. जोडी म्हणजे इंग्रजीतले, कानाला सारखे वाटणारे दोन शब्द. फोन तोंडाशी धरायचा, घसा साफ करायचा आणि वर्गात बोलायचे त्याच आवाजात सुरू करायचं, "मुलांनो, आजची जोडी." मुलं म्हणजे माझे जुने विद्यार्थी. त्यातल्या कित्येकांचे केस आता माझ्यापेक्षा पांढरे आहेत. उभा जन्म मी गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर कुणीतरी व्हॉट्सअॅपचा ग्रुप काढून मला त्यात ओढलं, आणि मी तिथंही वर्ग भरवला. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण शिकायला तरी कोण आपणहून येतं?

उत्तरादाखल अंगठे येतात. कुडाळचा मिहीर तर ऐकायच्या आधीच अंगठा दाखवतो. दोन मिनिटांचं बोलणं दोन सेकंदांत ऐकून होत नाही, एवढं मला कळतं. तरी पाठवते. कारण त्यानंतर दिवसभर माझ्या तोंडातून शब्द निघायचं काही कारण नसतं. मासेवाली आली तर "कशी दिली?" आणि नाही आली तर तेवढंही नाही.

आता गावपळणीचं सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. आमच्या गावात दर तीन-चार वर्षांनी देवाचा हुकूम होतो आणि अख्खा गाव घरं बंद करून शिवेबाहेर जातो. गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, म्हातारी माणसं, पाळण्यातली पोरं, सगळे. व्हाळ ओलांडला की गावाची हद्द संपते. त्या ओढ्यापलीकडच्या माळावर झावळ्यांच्या झोपड्या उभारायच्या, तीन रात्री तिथं काढायच्या, मग देवाला कौल लावायचा आणि त्यानं हो म्हटलं की परतायचं. मागे कुणी म्हणजे कुणी राहायचं नाही. का, याची कारणं प्रत्येक घरात निराळी ऐकायला मिळतील. मला विचाराल तर एरवी भिंतीआड बसणाऱ्या माणसांना एकमेकांची तोंडं दाखवायला कुणा शहाण्यानं काढलेली ही युक्ती आहे.

माळावर प्रत्येक घराची झोपडीची जागा ठरलेली. आमची जागा माझा भाऊ शंकर सांभाळायचा. मी लग्न केलं नाही. शंकरनं आपल्या घराशेजारी मला दोन खोल्या बांधून दिल्या, त्यात राहिले. गावपळणीत त्याच्या झोपडीत बसून धुराबद्दल कुरकुर करायची, हे माझं काम. वहिनी आधीच गेली होती, गेल्या शिमग्यात शंकरही गेला. त्याच्या दाराला कुलूप आहे. मुलगा सर्वेश मुंबईला असतो. यंदा गावपळणीचा दिवस ठरला तेव्हा त्याचा फोन आला.

"आत्ये, माका रजा नाय गावली. तू शेजारी खंयच्याय झोपडीत जा. तुका कोण नाय म्हणतलो?"

नाही कुणीच म्हणणार नव्हतं, हे खरं. पण त्यासाठी आधी कुणीतरी "ये" म्हणायला हवं ना! नाकावर माशी बसू न देता आयुष्य काढलेली बाई मी. "मला तुमच्या झोपडीत घ्या" हे माझ्या तोंडातून कसं निघावं?

आणि दुसरीकडे आमच्या गावाची रीत अशी, की दुसऱ्या घरच्या माणसाला आपल्या झोपडीत बोलवायचं नाही. बोलावलं तर त्याचा अर्थ होतो, तुमचं घर तुमच्या माणसाला सांभाळत नाही. एवढ्या-तेवढ्यावरून दोन घराणी वर्षानुवर्षं एकमेकांकडे जेवलेली नाहीत, हे मी पाहिलंय. त्यामुळे लोक जपतात.

शेजारची जानकी माझीच विद्यार्थिनी. गावपळणीच्या आदल्या दिवशी डोक्यावर झावळ्यांचा भारा घेऊन ती माझ्या दारावरून चालली होती. माझ्याशी बोलताना सगळे शाळेची मराठी बोलतात, तशी तीही बोलली. "काय बाई, झाली का तयारी?"

"होतेय."

"सर्वेशभाऊ कधी येतायत?"

"बघू," मी म्हटलं.

ती अजून एखादं वाक्य बोलेल म्हणून मी फाटकाला धरून उभी राहिले. भारा जड होता, ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी जोडी पाठवली. लीव्ह आणि लिव्ह. एक ओढून म्हणायचा, दुसरा झटक्यात. लीव्ह म्हणजे सोडून जाणं. लीव्ह म्हणजे रजाही, जी सर्वेशला मिळत नाही. मागे ठेवून जाणं म्हणजेही लीव्ह, मग ती छत्री असो की इस्टेट. कुणाच्या वाट्याला जाऊ नका म्हणायचं तर तिथंही लीव्हच लागतं. जुन्या धाटणीच्या इंग्रजीत परवानगीलाही लीव्ह म्हणतात आणि निरोप घेण्यालाही. आता लिव्ह. लिव्ह म्हणजे राहणं, अमुक गावात, तमुक घरात. लिव्ह म्हणजे जगणं. त्याच स्पेलिंगचा उच्चार लाइव्ह केला की अर्थ होतो जिवंत, किंवा टीव्हीवर थेट दिसणारं, किंवा हात लावला तर झटका देणारी तार. "आपल्या मराठीची मात्र गंमत आहे, मुलांनो," मी फोनला सांगत होते. "आपण तिथे राहतो म्हणतो, भात उरला तर भात राहिला म्हणतो आणि एखादी गोष्ट करायची चुकली की राहून गेली म्हणतो. इंग्रज माणूस दोन-तीन शब्द वापरतो तिथं आपलं एकावर भागतं."

मिहीरचा अंगठा आला. मी फोन ठेवला आणि ओटीवर बसले.

समोरून गाव चालला होता. मितेशच्या टेम्पोत भांडीकुंडी, वर गाद्या, गाद्यांवर जानकीची सासू. मितेश म्हणजे जानकीचा दीर. नवरा तिचा बोटीवर असतो. मागून गुरं, गुरांमागून पोरं. प्रत्येक जण माझ्याकडे बघून हात हलवत होता आणि मीही हलवत होते. त्यांना वाटत असणार, सर्वेश गाडी घेऊन मागून येतोय. मी शिकलेली बाई, असल्या समजुती मानत नाही म्हणून मी घरी थांबतेय, असं मी मनाशी घोकत होते. साफ खोटं. मला कुणी बोलावलं नव्हतं म्हणून मी बसले होते.

मग सगळे आवाज थांबले. एरवी एकटी असले तरी कुणाच्या तरी नळाचं पाणी पडतं, कुणाचा तरी टीव्ही चालतो. तेसुद्धा सोबत असतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. दुपारी पानात भात वाढला आणि तसाच झाकून ठेवला. घाबरले होते मी.

गाव रिकामा झाला की धोंडू शेवटची फेरी मारतो. प्रत्येक दारावर काठी वाजवायची आणि हाक द्यायची, हा त्याच्या घराचा मान. काठीचा आवाज जवळ जवळ आला आणि माझ्या अंगणात थांबला.

"बाई! तुमी हंय कशे?"

"मी येत नाही, धोंडू. बरी आहे मी इथंच."

"बरी कशी? माणूस आत रवला तर पळण होता काय? मानकरी व्हाळार उभे आसत, ढोल वाजवचो रवलो."

"माझ्या एकटीनं काय अडतंय?"

"तुमचा नाय अडत, देवाचा अडता." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "गावातली कोंबडी सुद्दा गेली गो बाये. तू कशाक बसलंस?"

शंकर गेल्यापासून मला कुणी बाये म्हटलं नव्हतं. मी पदर तोंडाला लावला आणि रडले. धोंडू बिचारा दुसरीकडे बघत उभा राहिला. मला प्रेमानं न्यायला कुणी आलं नव्हतं, रीत म्हणून आलं होतं. मला तेही चाललं. दोन साड्या पिशवीत कोंबल्या, कुलूप लावलं आणि त्याच्यामागून निघाले.

व्हाळ ओलांडला तसा सगळा माळ माझ्याकडे बघायला लागला. मी निवडून येऊन मिरवणुकीनं आले असते तरी एवढे बघे जमले नसते. जानकी धावत आली. तिची शाळेची मराठी पार उडाली होती.

"बाई, माका वाटला सर्वेशभाऊ इलो आसतलो! मी बोलवतलंय होतंय, पण तुमच्या घराण्याक काय वाटात म्हणान गप रवलंय."

एक एक करून सगळ्यांनी तेच सांगितलं. प्रत्येकानं माझा मान राखला होता. आणि आता चूक कळल्यावर त्यांनी तो आणखी जोरात राखायचं ठरवलं. मितेशनं बांबू आणले, चौघांनी खड्डे खणले, बायकांनी झावळ्या दिल्या. चहा होईपर्यंत शंकरच्या ठरलेल्या जागेवर झोपडी उभी. आत चटई, पाण्याची कळशी, उशाला कुणाची तरी नवी कोरी चादर. "शंकरदादाची जागा मोकळी दिसता नये," मितेश म्हणाला, आणि सगळे आपापल्या झोपडीत गेले.

मी आत बसले. चहूबाजूंनी हसणं, भांड्यांचे आवाज, पोरांची रड. माझ्याभोवती झावळ्या. घरातून निघून मी पुन्हा घरातच येऊन बसले होते.

अंधार पडायच्या आत मी उठले आणि जानकीच्या झोपडीच्या तोंडाशी गेले. तिची सासू, जिला सगळे माई म्हणतात, कांदा चिरत होती. माझ्याच वयाची. लहानपणी आम्ही एकत्र कैऱ्या पाडल्यात, पण मी मास्तरीण झाल्यापासून तिनं मला अहोजाहो लावलं होतं.

"माई," मी म्हटलं, आणि पुढचं घरच्या बोलीत आपोआप आलं. "माका थंय येकटीक नको. माका तुमच्यात घे."

माईनं विळी बाजूला सरकवली. "मगे आदी सांगूचा नाय? माका वाटला, तुका इंग्रजीशिवाय कोणाची गरजच नाय." आणि आत ओरडली, "गो जानकी, बाईची चादर हकडे हाड!"

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते नीट सांगता येणार नाही. मी कांदे चिरले. भाकऱ्या जाळल्या आणि बोलणी खाल्ली. झोपेत माईचे पाय माझ्या पोटात यायचे आणि सकाळी तीच माझ्यावर घोरण्याचा आळ घ्यायची. भांडताना इतकं बरं वाटतं हे मी विसरले होते. जानकीनं हळूच सांगितलं की ती रोज जोडी ऐकते, फक्त लीव्ह-लिव्ह अर्धीच ऐकली, कारण तेवढ्यात सामान बांधायची हाक आली. मग चुलीभोवती बसून सगळ्या बायकांना ती पुन्हा सांगावी लागली. लीव्ह म्हणजे रजा आणि लिव्ह म्हणजे जगणं, एवढं ऐकल्यावर जानकी म्हणाली, "माजो घो लीव्हार येता तवाच मी लिव्ह करतंय!" बायका हसून हसून मागे पडल्या. माईनं डोळे वटारले आणि मग तीच सगळ्यांत जास्त हसली. माझ्या उभ्या जन्मात माझा वर्ग असा हसला नव्हता. ग्रुपवर त्या दिवसांत मी काहीच पाठवलं नाही. कुणी विचारलं नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

कौलाच्या दिवशी मानकरी देवळात गेले आणि आम्ही बायका व्हाळाच्या काठावर बसलो. देवानं हो म्हटलं तर ढोल वाजणार, नाही म्हटलं तर आणखी एक दिवस माळावर. मागं एकदा तसं झालंही होतं. आता मात्र सगळ्या कंटाळल्या होत्या. कुणाला आपली न्हाणी आठवत होती, कुणाला गादी. माईची कंबर धरली होती, जानकीला मुलाच्या परीक्षेची काळजी. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले आणि मनापासून म्हटलं, देवा, आजचा दिवस हो म्हणू नको. देवाधर्माचं मी फारसं कधी केलं नाही, त्यामुळे नीट मागता आलं की नाही कोण जाणे. डोळे मिटून तेच तेच म्हणत राहिले.

ढोल वाजला.

पोरांनी एकच गलका केला. बायकांनी देवळाच्या दिशेनं नमस्कार केले, पदर खोचले, आणि बघता बघता झोपड्या मोडायला सुरुवात झाली. माईनं गुडघ्यावर हात टेकून उठता उठता मला विचारलं, "काय गो, तू काय मागलंस देवाकडे? वोठ हलत होते तुजे."

"कौल देव नको, म्हणान सांगलंय," मी म्हणाले. "हंयच रवाया."

"बाई पण मशकरी करूक शिकले!" जानकी ओरडली, आणि सगळ्या जणी हसल्या. त्यांच्याबरोबर मीही हसले, आणि पिशवीत घराची किल्ली शोधायला लागले.