आजची तारीख

"जरा बघ गं, हे उघडतच नाहीये," म्हणत काकूंनी फोन पुढे केला, तेव्हा तिची एक चप्पल पायात होती आणि दुसरी निघत होती. ऑफिसातून आल्या आल्या मुलीला न्यायला तिनं शेजारचं दार वाजवलं होतं. ठकी आत फरशीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. आई आलेली तिला दिसली होती, पण हातातला रंग पुरा झाल्याशिवाय उठायचं नाही हा तिचा बाणा.

पडद्यावर फिकट निळ्या रंगात दोनच ओळी होत्या. 'गाठोडं आता बंद झालं आहे. इतकी वर्षं आमच्यावर विश्वास ठेवलात, आभारी आहोत.'

"काकू, फोनमधलं ऑनलाइन ठेवायचं हे गाठोडं तुम्ही कधी घेतलंत?"

"झाला असेल महिना. फोन भरला होता ना, नुसता अडून बसायचा. मग तुझंच वाचून केलं सगळं." काकूंचा चेहरा खुलला. "एकटीनं हो. ठकीला विचार. चष्मा लावून एकेक ओळ वाचत बसले होते. तू लिहितेस मात्र छान, म्हातारीलासुद्धा कळतं."

"सगळं म्हणजे काय काय ठेवलंत त्यात?"

"यांचे आवाज," काकू म्हणाल्या. "आणि काय असणार माझ्याकडे?"

काका लिफ्ट दुरुस्त करायचे. जन्मभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या पोटात लोंबकळत राहिलेला माणूस. बोटं कायम वंगणानं माखलेली, त्यामुळे फोनवर टाइप करणं जमायचं नाही. म्हणून ते बोलून निरोप पाठवायचे. गॅस बंद केलास का. दूध आणलंय, वर काढून ठेव. माझी वाट बघू नकोस. आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमायचा. काका गेल्यावर काकू ते निरोप रोज ऐकायच्या; मधली भिंत पातळ होती, पोळ्या लाटताना तिलाही ऐकू यायचे. आणि गेले काही दिवस ते ऐकू येत नव्हते, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

"फोनमध्ये असतीलच ना अजून," ती म्हणाली. पण बोट फिरवतानाच तिला कळून चुकलं होतं.

"नाही, काढून टाकले. शेवटी तसंच लिहिलं होतंस की, आता फोनमधलं खुशाल काढून टाका, जागा मोकळी होईल. झाली बाई मोकळी."

ते वाक्य तिचंच होतं. 'खुशाल' हा शब्दही तिचाच. फोन, चार्जर, रोज उपयोगी पडणाऱ्या ऑनलाइन सोयी, अशी माहिती देणाऱ्या एका वेबसाइटच्या ऑफिसात ती लिहायची. लिहिण्याआधी ती प्रत्येक गोष्ट घरच्या जुन्या फोनवर करून बघायची, आणि आईला फोनवरून सांगून तिच्याकडूनही करून घ्यायची. आई जिथे अडखळेल तिथे आणखी एक ओळ. आई "बरं, झालं की" म्हणाली की लेख पुरा. वाचणारे तिला ताई म्हणायचे. गाठोड्यावरचा तो लेखही असाच आईला विचारून लिहिलेला होता, पण ठकी तेव्हा रांगत होती.

"काकू, तो लेख फार जुना आहे माझा."

"छे गं. वर तारीख होती. मी आधी तारीखच बघते. तूच नाही का शिकवलंस, शिळ्या माहितीवर जाऊ नका म्हणून? बघितली, अगदी त्या दिवसाची होती. आणि खाली तुझं नाव. म्हटलं, तुला कशाला त्रास द्यायचा, दमून येतेस."

काकू बोलता बोलता थांबल्या. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "गेले नाहीत ना गं?"

"बघते मी. विचारते ऑफिसात," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं जे जे करता येईल ते केलं. काकांच्या फोनचं काय झालं, तर तो भाच्यानं नेला होता, आणि भाच्यानं पुसून कधीच विकला होता. गाठोडंवाल्यांना तिनं लांबलचक निरोप पाठवला. पाठवल्यापाठवल्या उत्तर आलं, तुमचं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे. ते माणसानं लिहिलेलं नव्हतं हे तिला कळत होतं. असली उत्तरं कशी ओळखायची यावरही तिनं लेख लिहिला होता.

मग तिनं तो लेख उघडला. वर गेल्या महिन्यातली तारीख. मथळ्याला शेपूट जोडलेलं, 'आजही सर्वांत सोपं'. हे तिचं नव्हतं. खाली वाचकांचे प्रश्न साचले होते. ताई, माझ्या नातवाचे फोटो दिसत नाहीत. ताई, उघडत नाही, काही चुकलं का माझं. ताई, कृपया उत्तर द्या. एकालाही कुणी उत्तर दिलेलं नव्हतं.

ऑफिसात याला फडकं मारणं म्हणत. जुना लेख काढायचा, चार शब्द इकडेतिकडे करायचे, वर आजची तारीख चढवायची, की तो नवा होऊन लोकांसमोर जायचा. तिला ते माहीत होतं. इतरांच्या लेखांवर तिनंही फडकं मारलेलं होतं; पण आधी तपासून, बंद पडलेलं काढून. आणि तिच्या लेखांना तिला विचारल्याशिवाय हात लागणार नाही, असा शब्द तिला दादानं दिला होता.

दादा म्हणजे संपादक. सगळं ऑफिस त्याला दादा म्हणायचं, पण तिच्या तोंडी तो शब्द खरा होता. एका दुकानात बिलं टाइप करत बसली होती तिथून त्यानं तिला उचलून आणली, लिहायला बसवलं. वाक्य लांबलं की म्हणायचा, वाचणारा बसथांब्यावर उभा आहे, बस यायच्या आत संपव. ठकीच्या वेळी तिची खुर्ची त्यानं कुणाला दिली नाही. बारशाला स्वतः येऊन पाळण्याला झोका देऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पर्ससकट त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. दादा चहा पीत होता. समोरच्या भिंतीवर कुठला लेख किती जण वाचताहेत त्याचे आकडे हलत होते, आणि त्याची नजर सवयीनं तिकडेच होती.

"दादा, गाठोड्यावर फडकं कुणी मारलं?"

"मीच. का गं? काय चालला माहितीये? त्या आठवड्यात सगळ्यांना मागे टाकलंन. तुला पेढे द्यायला हवेत."

"मला विचारायचं ठरलं होतं."

"तू रजेवर होतीस. पोरीला ताप होता ना तुझ्या. म्हटलं, तापात कशाला त्रास द्या."

"ते बंद होणार होतं, दादा. तपासलं असतंत तर कळलं असतं."

"कळलं नव्हतं असं कोण म्हणतं?" दादानं कप खाली ठेवला. "त्यांचा निरोप आला होता की, अमुक तारखेला बंद करतोय, तुमचा लेख काढून टाका. त्यावरूनच तर डोक्यात आलं."

आपण काहीतरी भलतंच ऐकलं असं तिला वाटलं. तो मात्र शिकवणीच्या सुरात समजावायला लागला. तिला तो सूर ओळखीचा होता. याच सुरात त्यानं तिला लिहायला शिकवलं होतं.

"हे बघ, बंद होणार म्हटल्यावर सगळीकडे त्याचंच नाव होणार. लोक शोधणार. शोधणारा दुसरीकडे जाण्यापेक्षा आपल्याकडे आला तर बिघडलं कुठे?"

"मग बंद होतंय अशी एक ओळ टाकायची होती वर."

"बंद व्हायच्या दुकानात कोण शिरतं?"

"आमच्या शेजारच्या काकू शिरल्या," ती म्हणाली, आणि काय गेलं ते तिनं सांगितलं. फार सांगावं लागलं नाही. काकूंच्या जिवावर ठकीला ठेवून ती ऑफिसात येते, हे दादाला पहिल्यापासून माहीत होतं.

दादाचा चेहरा पडला. त्याला वाईट वाटलं होतं, हे तिला नाकारता येईना. तो उठला, तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती बसली नाही.

"वाईट झालं," तो म्हणाला. "काढून टाकू या लेख. आत्ता काढतो."

"काढू नका. वर खरं लिहू या. खालच्या लोकांना उत्तरं देते मी. काहींचं फोनमध्ये अजून असेल शिल्लक, त्यांनी पुसायच्या आत कळायला हवं."

"आणि काय लिहिणार? आम्हाला माहीत होतं म्हणून?" दादानं आवाज खाली आणला. "लेखावर नाव कुणाचं आहे? मला कोण ओळखतं बाहेर? लोक तुला ओळखतात. शिव्या तुला बसतील. सख्ख्या बहिणीला सांगितलं असतं तेच सांगतोय. गप्प बस, चार दिवसांत विसरतात लोक."

ती आपल्या जागेवर गेली आणि लिहायला बसली. इतकी वर्षं सोपं लिहिण्यात गेली होती, पण हे सोपं होईना. 'गाठोडं बंद झालं आहे. हा लेख जुना आहे. वरची तारीख खोटी आहे. फोनमधलं काही काढलं नसेल तर काढू नका.' पुढे काय करून बघता येईल ते क्रमानं. शेवटी स्वतःचं नाव. मग लेखात ते घालायला तिनं पान उघडलं.

'तुम्ही शोधत असलेलं पान अस्तित्वात नाही.'

तिनं पुन्हा उघडून बघितलं. नातवाचे फोटो शोधणारी बाई गेली होती. माझं काही चुकलं का विचारणारा माणूसही गेला. तिनं वळून बघितलं, तर दादा भिंतीवरच्या आकड्यांकडे बघत होता, आणि कपातला चहा संपलेला असून कप ओठांना लावत होता.

घरी परतताना वाटभर ती मनात वाक्यं जुळवत होती. कंपनी बुडाली काकू, कुणाच्या हातात नव्हतं. हे इतकं सांगितलं असतं तरी भागलं असतं. काकूंनी एका शब्दानं उलट विचारलं नसतं. पण दार उघडल्यावर तिच्या तोंडून सरळ सगळं बाहेर पडलं. दादा, निरोप, तारीख.

काकूंनी पदरानं हात पुसत ऐकून घेतलं. "म्हणजे त्यांना ठाऊक होतं."

"हो."

"आणि तुला?"

"नव्हतं, काकू. शपथ नव्हतं."

"मग नाव कसं तुझं?"

काकू उत्तरासाठी थांबल्या नाहीत. "ठकीनं दूध नाही प्यायलं आज," म्हणाल्या. दप्तर तिच्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. नेहमी लावायच्या तसंच लावलं.

महिनाअखेर तिनं काम सोडलं. दादानं अडवून पाहिलं, मग चिडला, मग म्हणाला की लेख ऑफिसचे आहेत आणि त्यांवरचं नावही निघणार नाही, कारण लोक नावावर येतात. एका दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायचं काम मिळालं. कुणाची दाढ कधी काढायची ते सांगायचं, आणि सांगितलेली वेळ खरी असायची, एवढंच तिला त्या कामातलं आवडलं.

काकूंनी ठकीला सांभाळणं सोडलं नाही. पोरीनं काय केलंय, म्हणाल्या. फक्त पूर्वी दारातच सुरू व्हायचं ते बोलणं आता होत नसे. एकदा मात्र त्या आपणहून बोलल्या.

"आज पण आलंय तुझं. चार्जर किती वेळ लावावा त्याचं."

"ते मी लिहिलेलं नाही, काकू. म्हणजे आज नाही."

"नाव तुझंच आहे," काकू म्हणाल्या. रागानं नव्हे, बाहेर ऊन पडलंय हे सांगावं तसं.

मग एक दिवस दवाखाना लवकर बंद झाला आणि ती नेहमीच्या वेळेआधी आली. काकूंचं दार लोटलेलंच होतं. वाजवायला हात उचलला आणि आतून काकूंचा आवाज आला, जरा ओढून, जाड केलेला.

"'अगं ऐक. आज इथेच अडकलोय. दोर घासलाय. तू जेवून घे.' झालं का गं ठके?"

"आजी, आजोबा असे नाही बोलायचे," ठकी म्हणाली. "ते 'जेवून घे' दोनदा म्हणायचे."

"दोनदा म्हणायचे. बरोबर. पुन्हा लाव."

फटीतून दोघी दिसत होत्या. काकू खुर्चीत ताठ बसलेल्या, ठकी समोर आवाज भरून घ्यायला दोन्ही हातांनी फोन धरून. ती नकळत आत गेली. "काकू, मी धरू का? जवळ धरलं तर आवाज स्वच्छ येतो."

काकूंनी तिच्याकडे बघितलं. "तू राहू दे," त्या म्हणाल्या. "ठकी करते बरोबर."

ती तिथेच दाराशी उभी राहिली. ठकीनं बटण दाबलं. काकूंनी घसा साफ केला.

"'अगं ऐक. आज इथेच अडकलोय. दोर घासलाय. तू जेवून घे. जेवून घे.'"

ठकीचं बोट थांबवायला निघालं. काकूंनी हातानंच तिला अडवलं.

"थांब. यानंतर ते काही बोलायचे नाहीत, पण निरोप लगेच बंद पण नाही करायचे. मागे नुसती हातोडी ऐकू यायची."

ठकीनं बोट मागे घेतलं आणि फोन हलू न देता धरून ठेवला. काकू डोळे मिटून बसल्या. पडद्यावरचे सेकंद पुढे जात राहिले.