खाडीत पडलेली कालकुपी

कनिष्ठ अभियंता म्हणून दीक्षा कासारेने आजवर गटारं, साकव आणि अंगणवाड्यांची स्वच्छतागृहं बांधली होती. त्यामुळे साहेबांनी बोलावून, "प्रजासत्ताकाला पंच्याहत्तर वर्षं होतायत, तालुक्याची कालकुपी तयार करायची आहे, शंभराव्या वर्षी उघडतील. तू बघ," असं सांगितलं, तेव्हा ती कार्यालयाच्या जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली आणि तिने पहिला फोन आईला लावला.

"म्हंजे जमिनीत पुरायचं?" तुळसाबाईंनी माणगावहून विचारलं.

"पुरायचं, आणि पंचवीस वर्षांनी काढायचं. आतलं सगळं जसंच्या तसं निघालं पाहिजे."

"मग नीट कर बाय. सव्वीस जानेवारीचं काम हाय."

त्यांच्या घरी सव्वीस जानेवारीला दिवाळीसारखा गोडाचा स्वयंपाक व्हायचा. विहारात सगळी वस्ती जमायची आणि संविधानाची उद्देशिका मोठ्याने म्हणायची. दीक्षाला ती अक्षरओळख व्हायच्या आधीपासून पाठ होती.

कुपी माणगावच्या एका वर्कशॉपमध्ये तयार झाली. जाड स्टीलचा, कमरेपर्यंत येणारा गोल नळकांड्यासारखा डबा, वर बोल्टने आवळायचं झाकण, झाकणाखाली रबराची चकती, उचलायला दोन कड्या. दीक्षाने तिला शेंदरी रंग दिला. पुरण्याची जागा ठरली वेळशेतची शाळा. गाव खाडीपलीकडे, नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये. काही वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळात त्याच्या निम्म्या वाड्या आडव्या झाल्या होत्या आणि आता नवी झाडं धरू लागली होती.

वेळशेतच्या सरपंच केसरताई म्हणजे उत्साहाचं दुसरं नाव. त्यांनी गावोगावच्या लोकांना वस्तू आणायला सांगितलं आणि रीघच लागली. कुणी वादळात चुरगळलेला घराचा पत्रा आणला, कुणी करोनातला मास्क, कुणी बंद पडलेला मोबाइल. एसटीच्या निवृत्त कंडक्टरने तिकिटांना भोकं पाडायचा चिमटा दिला. एका आजींनी लिंबाचं लोणचं आणलं.

"आजी, खायचं नको हो. फुटेल, सगळ्याला वास लागेल," दीक्षा म्हणाली.

"मुरेल गं! पंचवीस वर्षांनी खाणाऱ्याला कळेल लोणचं कशाला म्हणतात."

शेवटी लोणच्याऐवजी आजींचा फोटो घेतला, बरणीसकट. सगळ्यात वर ठेवली शाळेतल्या मुलांनी आपापल्या अक्षरात लिहिलेली उद्देशिका. ते कागद भरताना दीक्षाने हात दोनदा पुसले.

चोवीस तारखेला खाडीच्या अलीकडच्या धक्क्यावर पाहुण्यांसमोर झाकण आवळलं, त्यावर लाखेची सरकारी मोहोर उठवली. नायब तहसीलदार विनेश साळवी यांनी जातीने सही केली. तिथून कुपी टेम्पोने वळसा घालून न्यायची होती, पण केसरताईंनी आधीच गावच्या धर्माजींची मशीनची होडी फुलांनी सजवून ठेवली होती.

"आमच्या गावाला सगळं होडीनंच आलं. नवरीसुद्धा. ही पण तशीच येणार," त्यांनी जाहीर केलं.

धर्माजींनी होडीत चढणाऱ्या बायकांकडे पाहिलं. लेझीमवाल्या, ढोलवाल्या, बचत गटाच्या. शिवाय कुपीपाशी दीक्षा आणि साळवी साहेबही होते. "ताई, माणसं जास्त व्हतात. थोडी उतरवा."

"कुणाला उतरवू? सगळ्या नटून आल्यात."

कुणी उतरलं नाही. ढोल वाजू लागला, पलीकडच्या किनाऱ्यावरून फटाके उडाले, आणि होडी मध्यावर आली असताना कुणीतरी ओरडलं, "फोटो, फोटो! सगळ्या इकडं बघा!" सगळ्या एकदम एका बाजूला सरकल्या. होडी कलली. धर्माजींनी आरोळी ठोकली, बायका किंचाळत एकमेकींना धरून खाली बसल्या. होडी सावरली, पण लाकडी घोडीवर ठेवलेली कुपी घरंगळली, काठावर आपटली आणि धप्पकन खाडीत गेली.

ढोल थांबला. पाण्यावर नुसती झेंडूची फुलं उरली.

"गेली," साळवी साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

दीक्षा होडीच्या काठाला घट्ट धरून उभी होती. तिला पोहता येत नव्हतं. तेवढ्यात थोड्या अंतरावर पाणी फुगलं आणि शेंदरी डोकं वर आलं. एकदा बुडालं, पुन्हा वर आलं आणि डोलायला लागलं.

"तरंगतेय!" दीक्षा ओरडली. "अहो, तरंगतेय ती! आत हवा आहे!"

सगळी होडी ओरडली. हसू की रडू अशी सगळ्यांची अवस्था. फक्त धर्माजी गंभीर होते. "वरडू नका. वहोटी लागलीय. आत्ता सुटली तर समुद्रात जाईल."

खरंच, कुपी निघालीच होती, जत्रेला निघाल्यासारखी, खाडीच्या तोंडाकडे. एवढी माणसं घेऊन पाठलाग करणं शक्य नव्हतं. धर्माजींनी होडी वेळशेतकडच्या वाळूच्या पट्ट्याला लावली. नटलेल्या बायका गुडघाभर पाण्यात उड्या मारून उतरल्या, केसरताई सगळ्यांत आधी, जरीचं लुगडं वर खोचून. मागोमाग साळवी साहेबही उतरले.

"तुम्ही पण उतरा," धर्माजी दीक्षाला म्हणाले.

"मी येणार."

"पोहता येतं?"

"नाही."

धर्माजींनी तिच्याकडे एक रिकामा प्लास्टिकचा कॅन फेकला. "तो पोटाशी धरा. आनी हलू नका."

मशीन धडधडलं. सुरूचं बन मागे पडलं, पाण्याचा रंग बदलला, वारा तोंडावर येऊ लागला. पुढे वाळूच्या उंचवट्यावर लाटा फुटत होत्या आणि त्यांच्या अलीकडेच शेंदरी ठिपका वरखाली होत होता. दोनदा धर्माजी जवळ गेले, दोनदा लाटेने कुपी लांब ढकलली.

"मी होडी धरून ठेवतो. दोरी तुम्हालाच घालायला लागंल," ते म्हणाले. "कडीत गळ अडकवा. घाईत वाकू नका. मी 'आता' म्हनलो की वाका."

दीक्षाने कॅन सोडला आणि दोन्ही हातांनी दोरीचा गळ धरला. लाट आली, होडी उचलली गेली.

"आता!"

ती वाकली. खारं पाणी नाकातोंडात गेलं. हाताला स्टील लागलं, निसटलं, परत लागलं, आणि गळ खट्कन कडीत बसला.

"लागला! लागला, काका, लागला!"

"व्हय, आयकलं!" धर्माजी पहिल्यांदाच हसले. "आता बसा खाली, न्हायतर तुम्हाला पन दोरी घालायला लागंल."

कुपी मागे ओढत होडी वेळशेतच्या किनाऱ्याला आली, तेव्हा सगळं गाव पाण्यात उतरलं होतं. लेझीम पुन्हा सुरू झाली होती. ओल्या दीक्षाच्या खांद्यावर कुणीतरी टॉवेल टाकला, कुणीतरी तिला चहा दिला. ती हसत होती, पण नजर झाकणावर होती. लाखेची मोहोर शाबूत होती. आत पाणी गेलं होतं का, ते मात्र बाहेरून कळणार नव्हतं.

"उघडायला हवी," ती म्हणाली.

साळवी साहेब दचकले. "अहो, मोहोर आहे वर! सही केलीय मी. पुसून घ्या आणि पुरा परवा. पंचवीस वर्षांनी कोण विचारतंय?"

"उघडतील ते विचारतील, सर. ओलं पुरलं तर त्यांच्या हाती चिखल लागेल. मुलांचे कागद आहेत आत."

साळवी साहेबांनी कपाळाचा घाम पुसला, आसपासच्या माणसांकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून चावी काढली, आणि चावीच्या टोकाने ते स्वतःच लाख खरवडायला लागले. "पंचनामा मी लिहीन," ते पुटपुटले. "पाना कुठाय?"

एकेक बोल्ट सैल होत गेला. झाकण निघताना हवेचा बारीक सुस्कारा ऐकू आला. दीक्षाने हात पुसून आत घातला, सगळ्यात वरचा कागद काढला आणि गालाला लावला.

"कोरडा!"

जो आरडाओरडा झाला त्याने सुरूवरचे बगळे उडाले. केसरताईंनी साळवी साहेबांनाच मिठी मारली आणि मग दोघंही लाजले. कागद हातोहात फिरला. एका मुलीने आपलं अक्षर ओळखलं आणि "आम्ही, भारताचे लोक" असं वाचायला सुरुवात केली. बाकीची मुलं तिच्याबरोबर म्हणू लागली, मग बायका, मग धर्माजीसुद्धा, मशीनचं तेल लागलेले हात मागे बांधून. दीक्षाला कागदाची गरज नव्हती.

झाकण पुन्हा आवळून, नवी मोहोर उठवून सव्वीस तारखेला कुपी शाळेच्या आवारात पुरली. झेंडावंदनानंतर वर सिमेंट ओतलं, त्यावर तारीख कोरली. तुळसाबाई पहाटेच्या एसटीने आल्या होत्या, डब्यात पुरणपोळ्या घेऊन. सिमेंट अजून ओलं असतानाच त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या केसरताईंना विचारलं, "उघडायला बोलवनार ना आमाला?"

"तुम्ही याल?"

"येनार म्हंजे! लेकीचं काम हाय ते. तोवर मी कुठं जात न्हाय," तुळसाबाई म्हणाल्या आणि डब्याचं झाकण उघडून सगळ्यांना पोळ्या वाटायला लागल्या.