आत्यानं घासलेली बाटली

मी लाल झाकणाची प्लास्टिकची बाटली बोलतेय. लघवी तपासायला देतात ना, तीच. नाक मुरडू नका. तुमच्यातल्या निम्म्यांनी मला कधी ना कधी रुमालात लपवून नेलंय.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून बाहेर पडले, निर्जंतुक झाले आणि घट्ट बंद झाले. आयुष्यात एकदाच उघडायचं आणि एकदाच भरायचं, एवढंच माझं स्वप्न होतं.

डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला सांगितली म्हणून मला घरी आणलं ते कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनं, तिच्या आत्यासाठी. आत्या बंदरावर क्रेन चालवते. उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून ती अवाढव्य कंटेनर झोपलेल्या बाळासारखा अलगद खाली ठेवते. पण लघवीला जायचं तर अख्खी शिडी उतरा, पुन्हा चढा. म्हणून ती पाणीच पीत नसे, आणि आलीच तर दाबून धरत असे. आता जळजळ होत होती. सारखं जावंसं वाटे आणि थेंबभरच होई. निदान मात्र तिनं स्वतःच करून टाकलं होतं.

"वय झालं गं माझं. सोमवारी साहेबांना सांगते, क्रेन सोडते."

"तपासल्याशिवाय?"

"माझं शरीर मला कळत नाही होय?"

"नाही कळत! डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? आतड्यातले जंतू मूत्रमार्गातून वर चढतात, लघवीबरोबर वाहून जातात. तू अडवून धरतेस म्हणजे त्यांना राहायला खोली देतेस. भाडंसुद्धा घेत नाहीस!"

आत्या कशीबशी तयार झाली. मला कोण आनंद झाला! पण सकाळी तिनं मला उघडलं, घासणीनं खसाखसा घासलं, जंतुनाशकात बुचकळलं आणि कपांशेजारी पालथं घातलं.

भाची किंचाळलीच. "आत्या, हे काय केलंस?"

"धुतली. परक्याच्या हातात घाणेरडी बाटली द्यायची?"

"निर्जंतुक होती ती! आता हिच्यात जंतुनाशक राहिलं तर तुझे जंतू इथंच मरतील. प्रयोगशाळेत काही उगवणार नाही. 'जंतू नाहीत' म्हणतील आणि तू वयाच्या नावानं क्रेन सोडून बसशील!"

आत्याचा चेहरा उतरला. मग पाय आवळत ती ओरडली, "मग उभी काय राहिलीस? पळ, दुसरी आण! तोवर मी नळाकडं बघत नाही!"

भाची दोन वेगवेगळ्या चपला घालून पळाली.

दुसरी बाटली आली, माझी सख्खी बहीण. आत्यानं सुरुवातीची धार सोडून मधली तिच्यात धरली. सूक्ष्मदर्शकाखाली लगेच पू-पेशी दिसल्या. दोन दिवसांनी प्रयोगशाळेतल्या थाळीत जंतू उगवले आणि कोणत्या औषधानं ते मरतात तेही कळलं. मला बहिणीचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

भाची रिपोर्ट नाचवतच आली. "उगवले! भरपूर उगवले!"

एवढ्या आनंदानं जंतूंचं स्वागत कुणी केलं नसेल.

"म्हणजे वय नाही?" आत्यानं हळूच विचारलं.

"जंतू! औषध पूर्ण घ्यायचं, पाणी प्यायचं, बरी झालीस की चढायचं."

आत्यानं तिचा गालगुच्चा घेतला आणि मग डोळे पुसले.

सोमवारी साहेबांसमोर ती उभी राहिली, पण क्रेन सोडायला नाही. मधूनमधून खाली उतरण्यासाठी तिनं बदली माणूस मागितला, आणि मिळवलाही.

बरी झाल्यावर आत्या पुन्हा वर चढली, खिशात मला घेऊन. आता मी केबिनमध्ये तिच्या केसांच्या पिना सांभाळते. शेजारी पाण्याची भलीमोठी बाटली असते. खाली जहाजं खेळण्यांएवढी दिसतात. माझं स्वप्न राहून गेलं खरं, पण एवढ्या उंचीवर आमच्यातली कोण पोचलीय?

तुम्हीही अडवून धरू नका, आणि जळजळ झाली तर वयावर ढकलू नका. लाजू तर मुळीच नका. आमच्या आत्याकडे बघा. सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात ती वायरलेसवर सांगते,

"मी लघवीला उतरतेय. जहाजाला म्हणावं, थांब!"