बोतोबायची माणसं

ते वाक्य सिर्गाला बिश्केकच्या तिच्या खोलीत सुचलं, तेव्हा ती एकटीच हसली होती. ज्यांना वंशावळ सगळ्यात चोख पाठ, तेच वंशाबाहेरचे निघाले. वसंतात परदेशातल्या एका परिषदेत तिनं ते बोलूनही दाखवलं. सभागृह हसलं, दोघातिघांनी वहीत टिपून घेतलं. तिथं त्या वाक्यानं कोणाचंच वाईट झालं नाही. तिथल्या एकालाही ताशबुलाक कुठं आहे हे ठाऊक नव्हतं.

ताशबुलाक म्हणजे सिर्गाचं आजोळ. नारिन नदीच्या वरच्या अंगाला सत्तरएक घरं, आणि सगळी बोतोबायची. हा बोतोबाय दहा पिढ्यांमागे पाच घोडे आणि दोन बायका घेऊन त्या खोऱ्यात उतरला होता, असं सगळे सांगतात. सिर्गाचा अभ्यासविषय माणसांची कुळं. आपण एका बापाची लेकरं आहोत असं जी माणसं पिढ्यानपिढ्या तोंडपाठ सांगतात, ती रक्तानं किती एक असतात, हे तिला तपासायचं होतं. बापाकडून मुलाकडं उतरणारी एक खूण गालाच्या आतल्या ओलाव्यात सापडते. त्यासाठी तिला चाळीस पुरुषांच्या तोंडात कापसाची काडी फिरवून ती छोट्या बाटलीत बंद करायची होती.

पहिले दोन दिवस एकही पुरुष तयार झाला नाही. मग मामिरकान मामा घोड्यावर बसून घरोघर हिंडला. वय एक्क्याऐंशी, गावात सगळ्यात वडील. वंशावळ सांगावी तर त्यानंच. एका दमात बोतोबायपासून कालच्या बाळापर्यंत उतरायचा, मधे एक नाव चुकायचा नाही. तो म्हणाला, "माझ्या लहानपणी शहरातनं एक बाई आली होती. लाकडी चिमट्यानं आमची डोकी मोजून गेली. आमचं काय घटलं? ही तर आपली भाची आहे. उघडा तोंडं."

सिर्गानं त्याच्यापुढं छापील कागद ठेवला : कोणाचंही नाव उघड होणार नाही, खाली सही. मामानं सही केली आणि कागद बाजूला सारला.

"हा तुझ्या हापिसाला झाला. मला तू तोंडानं सांग."

"मामा, तुमच्या तोंडातलं माझ्या तोंडातून बाहेर पडणार नाही," ती म्हणाली. तेव्हा ते तिला मनापासून वाटत होतं.

प्रयोगशाळेतून निकाल यायला हिवाळा उजाडला. चाळीसपैकी सदतीस जणांची खूण एकच होती. तिघांची निराळी. सिर्गानं आकड्यांवरून नावं काढली : मामिरकान, त्याचा धाकटा भाऊ आणि भावाचा मुलगा. तिनं ती यादी ठेवून कपाट लावून घेतलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. इथवर तिचं काही चुकलं नव्हतं.

जूनमध्ये ताशबुलाकची माणसं वर कुरणात जमली. बोतोबायच्या नावानं मोठा सोहळा होता. सिर्गा आपले दोन विद्यार्थी आणि परदेशातून आलेले एक प्राध्यापक घेऊन गेली. मोठ्या तंबूत मानाच्या जागी, दाराच्या समोर मामिरकान मामा बसला होता. सिर्गाच्या शेजारी गावचा कारभारी शार्शेन बसला होता. आवाज मोठा, आणि चारचौघांत कोणाची तरी फिरकी घेतल्याशिवाय घास उतरायचा नाही असा माणूस.

"काय भाचीबाई," तो म्हणाला, "आमची थुंकी बाटल्यांत भरून नेलीस त्याला वर्ष झालं. लोणचं घातलंस की काय तिचं?"

तंबू हसला. विद्यार्थी हसले. प्राध्यापकांनी दुभाष्याला विचारलं आणि तेही हसले. सिर्गाचे कान तापले.

"लोणचं मुरलं, मामा," ती म्हणाली. "चाळीसातले सदतीस एकाच बापाचे. बोतोबाय खराच होऊन गेला."

टोप्या हवेत उडाल्या. कोणीतरी तिच्या वाडग्यात आणखी कुमीस, घोडीचं आंबवलेलं दूध, ओतलं.

"आणि उरलेले तीन?" शार्शेननं विचारलं.

"नावं सांगायची नसतात."

"अगं, परक्याला थोडीच सांगतेस? आपल्याच घरात बसलीयेस."

"नाही म्हणजे नाही," ती म्हणाली, आणि तिथंच थांबली असती तर निभावलं असतं. पण सगळे तिच्याकडं बघत होते, प्राध्यापक कौतुकानं मान हलवत होते, आणि ते वाक्य जिभेवर तयार होतं. "गंमत एवढीच, की ज्यांना वंशावळ सगळ्यात चोख पाठ, तेच वंशाबाहेरचे निघाले."

एक जण हसला, आणि लगेच गप्प झाला. तंबूतली डोकी एकेक करून मानाच्या जागेकडं वळली. मामिरकान मामा सगळ्यांसाठी पाव मोडत होता. त्यानं मान वर केली नाही. तो मोडतच राहिला. तुकड्यांचा ढीग झाला, आणि तो घ्यायला कोणाचा हात पुढं आला नाही.

पुढं कितीतरी दिवस सिर्गानं स्वतःला एकच गोष्ट सांगितली : मी नाव घेतलं नाही. कुमीस चढलं होतं असं मात्र तिनं एकदाही म्हटलं नाही. तिला ते चढत नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ऑक्टोबरात आईच्या चुलतभावाचं वर्षश्राद्ध होतं. आई आजारी, म्हणून सिर्गाला जावं लागलं. जेवणाच्या वेळी ती बायकांच्या पंगतीत बसली, पण तिचं लक्ष पुरुषांच्या ताटांवर होतं. तिथं मांस वाटत नाहीत, मान वाटतात. कोणतं हाड कोणाला, हे वयानं आणि कुळानं ठरलेलं असतं. सिर्गाचा पहिला प्रबंधच त्यावर होता, शंभर पंगतींचे नकाशे तिनं हातानं काढले होते. सगळ्यात वडील माणसापुढं कमरेचं हाड जातं. ताट आलं. ते मामिरकान मामाच्या समोरून पुढं गेलं आणि एकोणऐंशीच्या एका म्हाताऱ्यापुढं थांबलं. तो म्हातारा घाबरून इकडंतिकडं बघू लागला. मामाच्या ताटात पाठीचा मणका पडला. नव्या जावयांना देतात तसला.

मामानं चाकू काढला, मणक्याचं मांस नीट सोडवलं, खाल्लं, हात पुसले. काही बोलायची गरजच नव्हती, सगळ्यांना कळत होतं. सिर्गाला तर सगळ्यांहून जास्त कळत होतं. तिनं हातातला घास ताटात ठेवला.

ती बाहेर आली. चुलवणापाशी मामाची नात, त्याच्या दिवंगत मुलाची मुलगी बेर्मेत मोठी पातेली घासत होती. शार्शेनचा पुतण्या तिथं दोन मित्रांबरोबर उभा होता.

"काय गं बेर्मेत, आता तुला माझ्याशी लग्न करायला काय हरकत आहे? आपलं काही नातंच निघालं नाही."

एका कुळात लग्न म्हणजे भावाबहिणीचं लग्न. ती पोरं बेर्मेतबरोबर एका शाळेत वाढली होती, तिला ताई म्हणत आली होती. बेर्मेतनं पातेल्यातलं राखेचं पाणी सरळ त्याच्या बुटांवर ओतलं. "बूट धुऊन घे, मग माग मागणी," ती म्हणाली. पोरं हसत निघून गेली. मग तिनं सिर्गाला पाहिलं, आणि तिचा चेहरा असा बंद झाला, जशी कोणी खिडकीला फळी ठोकावी. "ताई, तुमची गाडी पलीकडं आहे," एवढंच ती बोलली.

सिर्गा गाडीकडं गेली नाही. ती रात्र तिनं मावशीकडं काढली आणि सकाळी मामाच्या घरी गेली. मामी कालिपानं दार उघडलं, सतरंजी टाकली, आणि चहाचा वाडगा काठोकाठ भरून पुढं ठेवला. हव्याशा पाहुण्याला तिथं अर्धाच वाडगा देतात, पुन्हा पुन्हा भरता यावा म्हणून. काठोकाठ म्हणजे पी आणि ऊठ. वाडगा इतका भरलेला होता की सिर्गाला तो उचलताही येईना.

"मामी, मी चुकले."

"मला काय सांगतेस?" कालिपा म्हणाली. "साठ वर्षं या माणसाशी संसार केला. तो कोण आहे हे मला पाणवठ्यावर एका पोरीनं सांगितलं. तो मागे आहे. जा."

मामा घरामागं गोवऱ्या रचत होता. सिर्गानं न विचारता गोवऱ्या हातात द्यायला सुरुवात केली. त्यानं घेतल्या. दोन थर झाल्यावर तो बोलला.

"एका साली कालमाकांची, त्या शत्रू टोळीची, धाड आली होती. बोतोबायच्या नातवाला जळक्या छावणीत एक पोर सापडलं. त्यांचं की आपलं, कोणाला ठाऊक. नातवाच्या बायकोचं मूल नुकतंच गेलं होतं, तिला पान्हा होता. तिनं पाजलं. मग सगळी बोतोबायची माणसं जमली. पांढरी घोडी कापली, तिच्या रक्तात हात बुडवले आणि शपथ घेतली, हे पोर आपलं, उलट बोलेल त्याची जीभ झडो. मला आजोबानं सांगितलं. मी पुतण्याला सांगणार होतो. एका पिढीत एकालाच सांगायचं असतं."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं." सिर्गा म्हणाली. "मग काडी कशाला लावून घेतलीत? नाही म्हणायचं होतं."

"सगळी बसली असती आणि मी एकटा उठलो असतो, तर काय दिसलं असतं?" त्यानं एक गोवरी वळवून नीट बसवली. "आणि तू शब्द दिला होतास."

ती घाईघाईनं म्हणाली, "मामा, मी सांगते सगळ्यांना. नमुन्यांची अदलाबदल झाली म्हणते. प्रयोगशाळेची चूक. कोणी तपासायला जाणार नाही."

मामानं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला सोसला असता.

"एवढी शिकलीस, आणि एवढंच सुचलं?" तो म्हणाला. "तुझं यंत्र खोटं बोललं नाही. तू बोललीस. तेवढं सांगता आलं तर सांग."

ती बिश्केकला परतली. हे सांगितलं तर काय होणार हे तिला ठाऊक होतं. काम बंद पडेल, वर्षभरात छापून येणारा लेख जाईल, खात्यात चौकशी होईल. ती महिनाभर टाळत राहिली. प्राध्यापकांचं पत्र आलं, तिचं ते वाक्य लेखाच्या पहिल्या ओळीत घालू या, फार छान आहे. ते पत्र वाचून ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसली. दुसऱ्या दिवशी तिनं संस्थेला आपली चूक लिहून कळवली आणि लेख मागं घेतला.

नोरूझला, म्हणजे नववर्षाच्या सणाला, एकवीस मार्चला, शाळेच्या पटांगणात सगळं ताशबुलाक जमलं होतं. सिर्गा पुढं गेली. तिनं कागद आणला होता, पण समोरची माणसं पाहून तो वाचावासा वाटेना. तिनं कागद खिशात घातला.

"तुम्ही चाळीस जणांनी मला तोंड उघडून दिलं," ती म्हणाली. "मी शब्द दिला होता, तो मोडला. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मला हुशार दिसायचं होतं, म्हणून मोडला. ज्याला आपला नमुना परत हवा असेल त्यानं घेऊन जावा. पेटी गाडीत आहे."

"आणि ती तीन नावं?" गर्दीतून शार्शेन म्हणाला.

"ती विचारण्यात तुमचाही हात होता, मामा," सिर्गा म्हणाली. "पण तोंड माझं होतं."

मग मामिरकान मामा उठला. त्यानं टोपी काढली नाही, घसा खाकरला नाही. बोतोबायपासून वंशावळ म्हणायला लागला. नातवाच्या नावापाशी आला तेव्हा थांबला आणि जळक्या छावणीतलं पोर, पान्हा, पांढरी घोडी, शपथ, सगळं भर पटांगणात सांगून टाकलं. मग पुढची नावं, नेहमीसारखी, शेवटच्या बाळापर्यंत.

"शपथ तुमच्या पूर्वजांनी घेतली होती," तो म्हणाला. "माझ्या पूर्वजानं नाही. तो तेव्हा अंगावर पीत होता. ती पाळायची की नाही ते तुम्ही बघा."

तो घोड्याकडं चालू लागला. तो एकोणऐंशीचा म्हातारा काठी टेकत त्याच्यामागं गेला आणि मानानं त्याच्या घोड्याचा लगाम धरून उभा राहिला. आणखी पाचसात जण गेले. बाकीचे जागेवरच राहिले, कोणी बुटांकडं बघत, कोणी आभाळाकडं. शार्शेन लहान पोरांवर उगाच ओरडू लागला. अठ्ठावीस जणांनी आपापल्या बाटल्या परत नेल्या. मामानं आपली नेली नाही आणि मागितलीही नाही. पुढं कधी त्यानं सिर्गाला भाची म्हणून हाक मारली नाही. बेर्मेत त्या वसंतात शिकायला ओश शहरात गेली. ती पुन्हा गावात राहायला आली नाही.

गाडी काढायला सिर्गा ओढ्याच्या बाजूनं गेली. तिथं बायका सणासाठी कापलेल्या मेंढ्यांची आतडी धूत बसल्या होत्या; हे काम पाहुणीला कधी सांगत नाहीत. पाणी बर्फाचं होतं, त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. सिर्गा जवळ येताच बोलणं थांबलं. ती मान खाली घालून जायला लागली.

"कुठं निघालीस?" कालिपानं विचारलं.

"घरी, मामी."

कालिपानं तिच्याकडं पाहिलं नाही. न धुतलेल्या आतड्यांची एक बादली तिनं पायानं सिर्गाकडं सरकवली.

सिर्गानं बाह्या वर सारल्या आणि ती ओढ्यात उतरली. दुपार कलेपर्यंत ती धूत होती. तेवढ्या वेळात तिच्याशी कोणी एक शब्द बोललं नाही, आणि तिनंही बोलायचा प्रयत्न केला नाही.